घरबांधणीला करसवलत : रोजगार किती वाढतो आणि सवलतीचा पैसा शेवटी कुणाकडे जातो?

अंदाजपत्रक (धागाकर्ता)

माझं काम इमारतींची अंदाजपत्रकं काढण्याचं. नकाशा हातात आला की सिमेंटच्या गोण्या, सळईचं वजन, विटा, खडी, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळकाम, रंग आणि या सगळ्याला लागणारे माणसांचे दिवस मोजायचे. साधं बैठं घर असलं तरी पाया खोदणाऱ्यापासून कुलूप बसवणाऱ्यापर्यंत कितीतरी प्रकारचे कारागीर त्यावर काम करून जातात. गवंड्याच्या हाताखाली बिगारी असतो, बिगाऱ्यामागे वीटभट्टी, भट्टीमागे ट्रकवाला. घर विकलं गेलं की पडदे, पंखे, पलंग, कपाटं यांची खरेदी वेगळीच.

अमेरिकेतल्या घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचा हिशोब असा आहे, की एक सरासरी स्वतंत्र घर बांधलं की वर्षभराच्या पूर्णवेळ नोकऱ्या मोजून सुमारे २.९ रोजगार तयार होतात आणि सरकारकडे लाखाहून अधिक डॉलर कर-शुल्काच्या रूपाने जातात. आकडा धंद्यातल्याच संघटनेचा आहे, म्हणून तो जपून वापरावा हे मान्य. पण माणसांचे दिवस मी रोज मोजतो, त्यामुळे दिशा बरोबर आहे याबद्दल मला शंका नाही.

माझा प्रश्न पुढचा आहे. जवळपास प्रत्येक देश घराला करात सवलत देतो. कुठे कर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा होतं, कुठे मालमत्ता कर काही वर्षं माफ असतो, कुठे बांधणाऱ्याच्या नफ्यावर कर नसतो. ही सवलत म्हणजे सरकारने सोडून दिलेला पैसा. तो पैसा साइटवर पोचतो का? मला वाटतं पोचतो, आणि म्हणून अशा सवलती वाढवायला हव्यात. ज्यांनी कराच्या बाजूने हे पाहिलं आहे त्यांनी लिहावं.

---

उंबरठा

अंदाजपत्रक, पहिल्या भागाला माझा पूर्ण पाठिंबा. एक भर घालतो. घरबांधणीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा तसा लहान दिसतो, अमेरिकेत साधारण तीन ते पाच टक्के. पण तो वरखाली फार होतो. २००५ मध्ये तिथे २० लाखांहून अधिक घरांची कामं सुरू झाली होती, २००९ मध्ये फक्त साडेपाच लाख. चार वर्षांत पाऊण भाग गायब! बांधकामातल्या वीस लाखांवर नोकऱ्या त्या घसरणीत गेल्या.

अर्थतज्ज्ञ एडवर्ड लीमर यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं होतं, की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतल्या दहापैकी आठ मंद्यांच्या आधी घरबांधणी ढासळलेली होती. अपवाद दोनच, कोरियन युद्ध संपतानाचा आणि २००१ चा. म्हणून सरकारांचं लक्ष घरांकडे जातं ते अगदी योग्य.

---

मुद्दल

मी करसल्ल्याच्या कामात आहे. धागाकर्त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि का ते नीट सांगतो, कारण या एका गैरसमजावर जगभरात प्रचंड पैसा गेला आहे.

"घराला सवलत" या दोन शब्दांत दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. एक सवलत घर *घेण्याला* असते, दुसरी घर *बांधण्याला*. सगळ्यात मोठी आणि सगळ्यांना आवडणारी सवलत म्हणजे गृहकर्जाच्या व्याजाची वजावट, आणि ती पहिल्या प्रकारातली आहे. तिच्यासाठी एकही नवी वीट लागत नाही. तीस वर्षं जुनं घर घेतलं तरी ती मिळते.

शिवाय ती मिळते कुणाला? समजा दोघांनी वर्षाला व्याजाचे शंभर-शंभर रुपये भरले. एकाच्या वरच्या उत्पन्नावर तीस टक्के कर आहे, दुसऱ्याच्या पाच टक्के. पहिल्याचे तीस रुपये वाचतात, दुसऱ्याचे पाच. ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याला शून्य. म्हणजे ज्याने कसंही करून घर घेतलंच असतं त्याला सर्वांत जास्त मदत. वजावटीऐवजी सरळ करातून ठरावीक रक्कम कमी केली तर हा अन्याय बराच कमी होतो, पण वजावट एकदा दिली की काढून घेणं कुठल्याही अर्थमंत्र्याला जड जातं.

आता परिणाम पाहा. कॅनडात राहत्या घराच्या कर्जावरचं व्याज वजा होत नाही, अमेरिकेत होतं. तरी स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, साधारण दोन तृतीयांश. डेन्मार्कने १९८७ च्या करसुधारणेत ही वजावट कापली. त्यावर ग्रुबर, येन्सेन आणि क्लेव्हन यांनी अभ्यास केला, तर घरमालक होण्याच्या प्रमाणावर काहीच परिणाम आढळला नाही. ज्यांची सवलत कमी झाली त्यांनी थोडं लहान, थोडं स्वस्त घर घेतलं, एवढंच.

ब्रिटनची गोष्ट तर मला नेहमी अस्वस्थ करते. तिथे अविवाहित जोडीदार एकाच घरावर दोन व्याजसवलती घेऊ शकत असत. मार्च १९८८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं की ही सोय १ ऑगस्टपासून बंद. मधल्या महिन्यांत लोकांची खरेदीला झुंबड उडाली, आधीच चढलेल्या किमती आणखी चढल्या आणि पुढे बाजार कोसळला तेव्हा त्या घाईत घेतलेल्या घरांची किंमत कर्जापेक्षा खाली गेली. व्याजसवलत हळूहळू कापत शेवटी एप्रिल २००० मध्ये त्यांनी पूर्ण बंद केली. लोकांनी घरं घेणं काही थांबवलं नाही.

---

अंदाजपत्रक

मुद्दल, घेण्याला आणि बांधण्याला हा फरक मी खरंच केला नव्हता. माझ्या कागदावर घर म्हणजे बांधायचं घर, म्हणून माझी नजर तिकडे गेली नाही. पण मग एक शंका. घेणाऱ्याच्या हातात जास्त पैसे आले तर मागणी वाढेल, आणि मागणी वाढली की बांधणारे बांधतीलच ना? इतर वस्तूंचं असंच होतं.

---

नकाशा

अंदाजपत्रक, तुमच्या शंकेचं उत्तर एका शब्दात आहे : जमीन.

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करते. शर्टाची मागणी वाढली तर कारखाना दुसरी पाळी लावतो. घराची मागणी वाढली तर तितक्याच जागेसाठी जास्त पैसे घेऊन जास्त माणसं उभी राहतात. चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडावर किती बांधता येईल याचं प्रमाण), उंचीची मर्यादा, पार्किंगची सक्ती, परवानगीला लागणारे महिने हे सगळं तसंच राहिलं तर सवलतीचा पैसा जमिनीच्या मालकाकडे जातो. आणि तेही ताबडतोब. विकणाऱ्याला ठाऊक असतं की घेणाऱ्याची ऐपत किती वाढली आहे.

इंग्लंडच्या 'हेल्प टू बाय' योजनेत (२०१३ ते २०२३) सरकार नव्या घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम कर्जाऊ देत असे, लंडनमध्ये २०१६ पासून ४० टक्क्यांपर्यंत. ही करसवलत नव्हे, पण धडा तोच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी, जिथे योजनेचे नियम बदलतात त्या हद्दींच्या दोन्ही बाजूंची घरं ताडून पाहिली. लंडन परिसरात, जिथे बांधायला जागा आणि परवानगी दोन्ही दुर्मीळ, तिथे किमती वाढल्या आणि बांधकाम वाढलं नाही. वेल्सच्या सीमेवर, जिथे मोकळी जमीन होती, तिथे बांधकाम वाढलं आणि किमती फारशा हलल्या नाहीत. एकाच प्रकारची मदत, दोन वेगळी फळं.

उलट बाजूचं उदाहरण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचं. २०१६ मध्ये शहराने निवासी जमिनीच्या जवळपास तीन चतुर्थांश भागावर जास्त दाट बांधकामाची मुभा दिली. नव्या घरांना मिळणाऱ्या परवानग्या पुढच्या पाच-सहा वर्षांत दुपटीच्या आसपास गेल्या. यात करसवलतीचा संबंध नव्हता. माझ्या टेबलावर अडकून पडणाऱ्या फायली पाहताना मला ऑकलंड आठवत राहतं.

---

गिलावा

इथे सगळे खरेदीदाराबद्दल आणि सरकारबद्दल बोलत आहेत, म्हणून साइटवरून लिहितो. वडील सेंट्रिंगचे ठेकेदार होते, मी प्लास्टर आणि फरशीची कामं घेतो.

सवलत चांगली का वाईट हे मला ठरवता येत नाही. पण *मुदतीची* सवलत आमचं काय करते ते सांगू शकतो. "अमुक तारखेच्या आत काम सुरू झालं तरच लाभ" असा नियम आला की त्या तारखेच्या आधी सगळ्यांना एकदम माणसं हवी असतात. मजुरी चढते, नवखे पोरगे दोन दिवसांत मिस्त्री होतात, स्लॅब भरायच्या आदल्या रात्री टेकूंची तपासणी धावत होते. आणि तारीख उलटली की फोन वाजत नाही. माझी चौदा जणांची टोळी अशाच एका थंड वर्षात फुटली. दोघे ड्रायव्हर झाले, एक भाजी विकू लागला, बाकीचे कुठे गेले मला माहीत नाही. दोन वर्षांनी काम परत आलं, पण ओळंब्यात भिंत उभी करणारा हात परत आला नाही. तो घडायला मला सहा-सात वर्षं लागली होती.

वरती २.९ रोजगारांचा आकडा आला. तो एका वर्षाचा आहे, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. घर उभं राहिलं की आमचं काम संपतं. आम्हाला पुढचं घर लागतं.

---

उंबरठा

गिलावादादा, तुमचं म्हणणं आकड्यांतही अगदी स्पष्ट दिसतं. अमेरिकेने मंदीत पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना ८,००० डॉलरपर्यंत करसूट दिली. करार ३० एप्रिल २०१० पर्यंत व्हायला हवा होता. त्या वर्षी जुलैत जुन्या घरांची विक्री एका महिन्यात सुमारे २७ टक्क्यांनी पडली. म्हणजे बरीचशी मागणी नवी नव्हतीच, उद्याची खरेदी आज उचलून आणली होती.

आणि मी सुरुवातीला जितक्या उत्साहाने लिहिलं त्याला एक दुसरी बाजूही आहे. तेजीत स्पेनमध्ये वर्षाला सात लाखांहून अधिक घरांची कामं सुरू होत होती आणि साधारण दर आठ कामकऱ्यांमागे एक बांधकामात होता. सगळं थांबल्यावर २०१३ मध्ये बेकारी २६ टक्क्यांवर गेली. शाळा सोडून साइटवर गेलेली मुलं त्यात सर्वांत जास्त भरडली गेली. घरबांधणीने अर्थव्यवस्था चालवता येते, पण ती एकट्या घरबांधणीवर उभी केली तर असं होतं.

---

ताळेबंद

फार चांगली चर्चा. बांधण्याला दिलेल्या सवलतींबद्दल अजून कुणी सविस्तर लिहिलेलं नाही. मी अशा प्रकल्पांचे हिशोब तपासते, म्हणून थोडं लांब लिहिते.

आधी एक इशारा. सवलत बांधणाऱ्याला दिली म्हणजे ती आपोआप शहाणी होते असं नाही. आयर्लंडने १९९८ पासून शॅनन नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या ग्रामीण भागात बांधकामाचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करायची मोठी सवलत दिली. उद्देश प्रामाणिक होता, ओस पडत चाललेली गावं पुन्हा नांदती करायची. पण एवढ्या घरांत कोण राहणार हा प्रश्न मागेच राहिला. दूरच्या शहरांतल्या पैसेवाल्यांनी कर वाचवायला घरं बांधून घेतली. २०१० च्या सर्वेक्षणात देशभर २,८०० हून अधिक वसाहती अर्धवट आढळल्या, आणि २०११ च्या जनगणनेत त्याच पट्ट्यातल्या लायट्रिम काउंटीत दहांतली तीन घरं रिकामी होती. रोजगार झाला, कर सोडला, घरं उभी राहिली आणि आत दिवा लागला नाही. 😔

दुसरं उदाहरण घसाऱ्याचं, म्हणजे इमारत जुनी होत जाते म्हणून तिचा खर्च दरवर्षी थोडा थोडा उत्पन्नातून वजा करण्याचं, जे सामान्य चर्चेत येतच नाही. १९८१ मध्ये अमेरिकेने भाड्याच्या इमारतींचा खर्च १५ वर्षांत वजा करायला परवानगी दिली. गुंतवणूकदार कागदी तोटा दाखवून इतर उत्पन्नावरचा कर वाचवू लागले. १९८५ मध्ये पाच किंवा अधिक घरं असलेल्या इमारतींत पावणेसहा लाख घरांची कामं सुरू झाली. १९८६ च्या कायद्याने मुदत २७.५ वर्षं केली आणि कागदी तोट्याचा रस्ता बंद केला. १९९१ मध्ये तोच आकडा दीड लाखाच्याही खाली होता. त्यात इतर कारणंही होती, बँकांचं संकट, जास्त बांधून ठेवलेल्या इमारती. पण कराचा हात मोठा होता.

आता जे जमलं ते. त्याच १९८६ च्या कायद्यात कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी घरं बांधणाऱ्याला करसूट देणारी तरतूद आली. तिची रचना मला आवडते. सूट दहा वर्षं थोडी थोडी मिळते, आणि तीही इमारत उभी राहून ठरलेल्या उत्पन्नगटातले भाडेकरू आत राहायला आल्यावरच. भाडं मर्यादेत ठेवण्याचं बंधन सहसा किमान तीस वर्षांचं. पहिल्या पंधरा वर्षांत अट मोडली तर सूट परत वसूल होते. प्रत्येक राज्याला लोकसंख्येनुसार ठरावीक कोटा, त्यासाठी विकसकांत स्पर्धा. आजवर ३० लाखांहून अधिक घरं यातून झाली. दोषही आहेत. कागदपत्रं अफाट, वकील-सल्लागारांची फी मोठी, आणि काही घरं अशी की ती या सवलतीविनाही कुणीतरी बांधलीच असती. तरी सोडलेल्या पैशाच्या बदल्यात काय मिळालं हे दाखवता येतं. व्याजाच्या वजावटीत ते दाखवता येत नाही.

भारतात आयकर कायद्याचं कलम ८०-आयबीए होतं. १ जून २०१६ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांच्या नफ्यावर शंभर टक्के वजावट. सदनिकेच्या चटईक्षेत्राची कमाल मर्यादा त्यात घातलेली होती, ही चांगली गोष्ट. पण नफ्यावरची सवलत नफा झाल्यावर कामाची. बांधकाम चालू असताना पैसा लागतो तेव्हा तिचा उपयोग नसतो. तिथेच उलटा प्रकार असा, की एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरांवर जीएसटी एक टक्का आणि इतरांवर पाच टक्के आहे, मात्र सिमेंट-सळईवर भरलेल्या कराची वजावट विकसकाला मिळत नाही. तो कर गपचूप घराच्या किमतीत मुरतो. पावतीवर एक टक्का दिसतो म्हणून घर स्वस्त झालं असं कुणी समजू नये.

---

भाडेकरू_कायम

बराच वेळ नुसतं वाचतोय. एक विचारू का? वरच्या सगळ्या सवलतींत मी कुठे आहे? मी भाडं भरतो. त्या भाड्यातून घरमालकाचा हप्ता जातो, हप्त्यातल्या व्याजावर त्याला वजावट मिळते. माझ्या भाड्याचं काय?

---

ताळेबंद

भाडेकरू_कायम, बहुतेक ठिकाणी तुम्ही या हिशोबात नाहीच. पण तुमच्या उपयोगी पडणारी सवलतही असते. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाने फक्त भाड्याने देण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या नव्या इमारतींवरचा पाच टक्के केंद्रीय विक्रीकर माफ केला. अट अशी की काम २०३० संपायच्या आत सुरू व्हावं आणि २०३५ संपायच्या आत पूर्ण व्हावं. जुन्या इमारतीला लाभ नाही. भाड्याची घरं वाढली तर तुमच्या बाजूने ताण थोडा सैल होतो. आणि गिलावादादांच्या मुद्द्याला धरून, सात वर्षांची खिडकी आहे, सहा महिन्यांची नाही.

---

मुद्दल

भाडेकरू_कायम यांच्या प्रश्नानंतर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२३ मध्ये व्हिएन्नाने सवलत न देता उलट *कर* लावला. घरावरचा चढता कर. साध्या घरांना नाममात्र, आलिशान घरांना जबर, आणि तो पैसा फक्त नव्या घरांसाठी. १९३४ पर्यंत महापालिकेने साठ हजारांहून अधिक सदनिका बांधल्या, तिथे आजही लोक राहतात. तेव्हा घरबांधणीला चालना म्हणजे कर सोडणंच, हे गृहीत धरू नये.

करामुळे विपरीतही घडतं. जपानमध्ये घर उभं असलेल्या जमिनीवर, २०० चौरस मीटरपर्यंत, मालमत्ता कराचा आधार एक षष्ठांश होतो. हेतू घरं व्हावीत हा. परिणाम असा की मोडकळीला आलेलं रिकामं घर पाडलं तर कर वाढतो, म्हणून कुणी पाडत नाही. २०२३ मध्ये तिथे सुमारे ९० लाख घरं रिकामी होती. त्यामागे लोकसंख्या घटण्याचं कारण मोठं आहेच, पण कराने जुनं घर जागेवर धरून ठेवलं. २०१५ पासून धोकादायक घरांची ही सूट काढण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला मिळाला.

पिट्सबर्गने १९७९-८० मध्ये जमिनीवरच्या कराचा दर इमारतीवरच्या दराच्या पाचपटीहून अधिक केला. मोकळी जागा अडवून बसणं महाग, बांधणं तुलनेने स्वस्त. पुढच्या दशकात बांधकाम लक्षणीय वाढलं. ओट्स आणि श्वाब या अभ्यासकांनी मात्र सावध केलं होतं की त्यात कार्यालयीन जागांच्या टंचाईचा वाटा मोठा होता. जमिनीच्या कराने एवढं केलं की शहराला बांधकाम दडपणारे दुसरे कर वाढवावे लागले नाहीत. २००१ मध्ये जमिनीच्या फेरमूल्यांकनावरून नाराजी झाली आणि ती पद्धत गेली.

---

अंदाजपत्रक

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवातीला मी लिहिलं होतं की सवलती वाढवायला हव्यात. ते वाक्य मी मागे घेतो. आता मला असं म्हणायचं आहे : कर्जाच्या व्याजावरची सवलत हळूहळू कमी करावी, आधी घेतलेल्यांना धक्का न देता. तो पैसा अशा घरांना द्यावा जी अजून उभी नाहीत, आणि ताळेबंदताईंनी सांगितलं तसा, माणूस राहायला आल्यावर द्यावा. नकाशाताईंच्या टेबलावर फायली अडकत असतील तिथे आधी फायली सोडवाव्यात, नाहीतर पैसा जमिनीत मुरेल.

काल रात्री एक जुनं अंदाजपत्रक काढून बसलो होतो. जमिनीची किंमत माझ्या कागदात कधीच नसते, तो रकाना मालक स्वतः भरतो. इतकी वर्षं मी खर्चाचा तो भाग पाहिलाच नव्हता.

गिलावादादा, एक विचारायचं राहिलं. मुदत किती असली तर टोळी टिकते?

---

गिलावा

पाच वर्षांची कामं डोळ्यांसमोर असली तर मी पोरगा शिकवायला घेतो. वर्षभराचीच असली तर तयार माणूस शोधतो. आणि शेवटची तारीख ठेवायचीच असेल तर एकदम तोडू नका, दरवर्षी थोडी थोडी सूट कमी करा. म्हणजे आम्हाला कळतं की पुढच्या वर्षी चौदाऐवजी अकरा माणसं लागणार आहेत, आणि त्या तिघांना आधी सांगता येतं.